मांजराला पट्टा घ्यायचाय? आधी तो सुटतो का ते बघा

"ताई, पट्टा सारखा पडतोय हो, जरा न पडणारा सांगा ना." मांजरं पाळणाऱ्या ओळखीच्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज हा. आणि दर वेळी मी उलटंच सांगते, की पडतोय ना, मग पट्टा बरा आहे, बदलू नका. समोरच्याला वाटतं मी चेष्टा करतेय. अहो, कुत्र्याच्या पट्ट्याचं काम असतं सुटायचं नाही, कारण दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे असता. मांजराच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नसतं, असलाच तर खिडकीचा ग्रिल, आंब्याची फांदी नाहीतर केबलवाल्यानं लोंबकळत सोडलेली वायर. तिथे पट्टा अडकला आणि सुटला नाही तर मांजर लटकतं.

आमच्या चिंगीच्या गळ्यात सासूबाईंनी काळा दोरा बांधला होता, नजर लागू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर मलाही तो गोड वाटला होता. एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या ग्रिलवरून ओट्यावर उतरत होती, तेवढ्यात वेल्डिंगच्या एका टोकात दोरा अडकला. मागचे पाय ओट्याला जेमतेम टेकत होते. ओरडली नाही, आवाज म्हणाल तर नुसती नखांची खरखर. मी दोन हातांवर होते म्हणून कळलं. दुधाची पिशवी कापायची बोथट कात्री, ती ओल्या केसांत आणि दोऱ्यात धड जाईना, तिसऱ्यांदा दोरा तुटला, मागे गॅसवर दूध उतू जाऊन सगळा ओटा माखला होता. चिंगी पलंगाखाली गेली ती रात्रीच बाहेर आली. तेव्हापासून आमच्या घरात दोरा, ताईत, रिबिन, घुंगराची साखळी यातलं काहीही मांजराच्या गळ्यात बांधायचं नाही, गाठ कधी सुटत नाही म्हणून.

आता क्रमाने बघू. क्रम मोडू नका, कारण बहुतेक जण रंग आवडला म्हणून पट्टा घेतात, मग मांजराच्या गळ्यात घालतात, आणि सुटतो का हे कधीच बघत नाहीत.

१. पट्टा हवाच आहे का, हे आधी ठरवा

पट्टा कशासाठी? मांजर हरवलं तर बघणाऱ्याला कळावं की हे घरचं आहे आणि फोन कुणाला करायचा. बाकी काही नाही. तुमचं मांजर जाळी लावलेल्या फ्लॅटमधून कधीच बाहेर जात नसेल तर पट्ट्यावाचून अडत नाही. पण दार उघडं राहतं, कामवाल्या मावशी येतात-जातात, रंगकाम निघतं, आणि घरात बसणारी मांजरं एकदा जिन्यात गेली की बाहेरच्या मांजरांपेक्षा जास्त गोंधळतात. म्हणून मी घरातल्यालाही घालते, पण हा ज्याचा त्याचा निर्णय.

यांना घालूच नका:
- गळ्याला जखम, खरूज, केस गेलेले किंवा नुकतं ऑपरेशन झालेलं मांजर.
- छोटी पिल्लं. साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबा, का ते चौथ्या टप्प्यात सांगते.
- सोसायटीतली, गल्लीतली मांजरं, जी रोज तुमच्या हाती लागत नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रात्री गाड्यांच्या लाइटमध्ये दिसावेत म्हणून रेडियमचे पट्टे घालतात, ते उरलेले पट्टे कुणीतरी प्रेमानं बोक्याला घालतं. बोका वाढतो, पट्टा वाढत नाही, आणि काढणार कोण? नसबंदी झाल्याची खूण म्हणून भटक्या मांजराच्या कानाचं टोक कापलेलं असतं, तेवढी ओळख त्याला पुरे आहे.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज इथेच मिटवते. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधे कातडीखाली डॉक्टर सुईनं घालतात, तिच्यात १५ आकडी नंबर असतो. बॅटरी नाही, जीपीएस नाही, मांजर कुठे आहे ते ती सांगत नाही. स्कॅनर फिरवला तरच नंबर दिसतो आणि तो नंबर तुमच्या नावावर नोंदवलेला असेल तरच उपयोग. चांगली गोष्ट एवढीच की ती पडत नाही. पट्टा पडणारच आहे, म्हणून जमत असेल तर दोन्ही करा.

२. माप आणि वजन घ्या, अंदाज नको

शिवणाची टेप घ्या, नसेल तर सुतळीचा तुकडा आणि पट्टी. मांजर जेवून पेंगत असताना मानेच्या मधोमध टेप फिरवा, केसांवरून, पण केस दाबू नका. मोठ्या मांजराच्या गळ्याचं माप बहुधा २० ते ३० सेंमीच्या मधे येतं, आपली देशी मांजरं सडपातळ, ती बरीचशी खालच्या बाजूला. पर्शियनचं उलट, केसच इतके की पट्टा कुठे बसलाय ते दिसत नाही, तिथे हातानं चाचपूनच माप घ्यावं लागतं.

वजनही लागणार आहे. स्वतः मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे रहा, मग एकटे उभे रहा, वजाबाकी करा. कागदावर लिहून ठेवा.

थांबा: पट्ट्याच्या पाकिटावर "स्मॉल" लिहिलंय म्हणून घेऊ नका. बऱ्याच दुकानात स्मॉल म्हणजे छोट्या कुत्र्याचा. सेंमी बघा, आणि तुमच्या मांजराचं माप पट्ट्याच्या छोट्या-मोठ्या मापाच्या मधे कुठेतरी आलं पाहिजे. शेवटच्या टोकाला खेचून बसवायला लागत असेल तर तो पट्टा सोडून द्या.

३. क्लिप ओळखायला शिका

सगळा खेळ या एका प्लास्टिकच्या तुकड्यात आहे, त्यामुळे इथे वेळ घालवा.

पट्टे साधारण चार तऱ्हेचे मिळतात.

पहिला, बेल्टसारखं बक्कल, भोकं आणि खिळी. हा कधीच सुटत नाही. मांजराला नको, चामड्याचा असो की मखमलीचा असो.

दुसरा, शाळेच्या दप्तराला असते तशी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडायची क्लिप. हाही ओढून सुटत नाही, आणि लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच, कारण लांबून तो चौथ्यासारखाच दिसतो.

तिसरा, मधे इलॅस्टिकचा तुकडा शिवलेला. कल्पना अशी की अडकलं तर ताणून डोकं बाहेर काढता येईल. प्रत्यक्षात होतं काय, मांजर पट्टा काढायला पुढचा पाय आत घालतं, इलॅस्टिक ताणलं जातं, पाय आरपार जातो आणि पट्टा बगलेत जाऊन बसतो. मग चालताना प्रत्येक पावलाला तो बगल कापत राहतो. बगलेतली जखम सतत हलत असते त्यामुळे भरायला फार वेळ घेते, कधी टाके घालूनही पुन्हा उघडते. पाच-सहा दिवस बाहेर राहून परत आलेल्या बोक्यांमध्ये ही जखम बघितली आहे, वास आधी येतो. कमी-जास्त सैल इलॅस्टिकमध्ये खालचा जबडाही अडकतो.

चौथा आपल्याला हवा तो, ब्रेकअवे. ठरावीक ओढ बसली की क्लिप आपोआप फटकन उघडते.

ओळखायचा कसा? क्लिपचा आत जाणारा भाग काढून बघा. साध्या क्लिपच्या दोन्ही दात्यांना बाणाच्या टोकासारखी तिखट खाच असते, ती आत जाऊन घट्ट अडकते. ब्रेकअवेचे दाते गोलसर, उतरते असतात, बोटानं नुसतं ओढलं तरी घसरून बाहेर येतात. ऑनलाइन घेताना शीर्षकात "सेफ्टी" लिहिलेलं असेल त्यावर जाऊ नका, तसं प्रत्येकावर लिहितात, क्लिपचा जवळून काढलेला फोटो शोधा. नसेल फोटो तर पट्टा आल्यावर बघा आणि दाते तिखट असतील तर परत पाठवा.

ब्रेकअवे क्लिप पण वर इलॅस्टिकही आहे, असे पट्टेही येतात. दोन दोन सोयी म्हणून लोक खुश होतात. नको. ओढ बसली की आधी इलॅस्टिक ताणलं जातं, क्लिपपर्यंत जोर पोचायला उशीर होतो, तेवढ्यात पाय आत गेलेला असतो.

४. घरी बाटलीची टेस्ट करा (मांजराशिवाय)

ही टेस्ट कोणीच करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लागणारं सामान: लाटणं, दोन खुर्च्या, धरायला बंद असलेली कापडी पिशवी, पाण्याच्या एक लिटर आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्या, खाली टाकायला उशी. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळा काटा लागत नाही.

आधी नवी क्लिप पंधरा-वीस वेळा लावा-उघडा. नवी क्लिप कडक असते, दाते जरा घासले गेले की नीट चालते. मग

१) पट्टा मांजराच्या मापाला बसवून बंद करा, गोल रिंगच राहू दे.
२) लाटणं दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं ठेवा, रिंग त्यात अडकवा.
३) रिंगच्या खालच्या बाजूला पिशवीचे बंद घाला, पिशवी लटकू दे. खाली उशी. (पहिल्या वेळी मी उशी ठेवली नव्हती, अंगठ्याचं नख अजून काळं आहे.)
४) अर्ध्या लिटरपासून सुरू करून अर्धा-अर्धा लिटर वाढवत जा. बाटली हळू सोडा, टाकू नका.

किती वजनाला सुटली पाहिजे? मी मांजराच्या वजनाच्या निम्म्याची रेघ आखते. बोका ४ किलोचा असेल तर २ लिटर पिशवीत गेले की क्लिप उघडलीच पाहिजे. पूर्ण वजन का नाही धरायचं, तर चिंगीचं आठवा, तिचे मागचे पाय टेकत होते, म्हणजे गळ्यावर तिचं सगळं वजन नव्हतंच, आणि तरी तिला श्वास घेता येत नव्हता. अडकलेलं मांजर दर वेळी हवेत लोंबकळत असतं असं नाही.

आणि ही टेस्ट रिंग लटकवूनच का, दोन्ही टोकं हातात धरून ओढून का नाही? कारण रिंगमध्ये वजन दोन बाजूंना वाटलं जातं, क्लिपवर निम्माच जोर येतो. हातानं ओढून "सुटतंय की" म्हणता तेव्हा पूर्ण जोर क्लिपवर असतो. मांजर अडकतं ते रिंगमध्ये, तेव्हा टेस्टही तशीच.

तपासून बघा: क्लिप तीन जागी ठेवून टेस्ट करा. एकदा बाजूला, एकदा वर लाटण्यावर टेकलेली, एकदा खाली पिशवीच्या बंदाशी. प्रत्येक जागी तीन-चार वेळा. बाजूला सुटते पण लाटण्यावर टेकली की अडून बसते अशा क्लिपा मला सापडल्यात, फांदीवर नेमकं तेच होणार. एका जागी जरी नापास झाली तरी तो पट्टा टेडीच्या गळ्यात घाला.

आता पिल्लाचं. तीन महिन्यांचं पिल्लू सव्वा किलोच्या आसपास असतं, म्हणजे क्लिप अर्धा-पाऊण किलोला सुटायला हवी. तेवढ्याला सुटणारी क्लिप मला अजून मिळालेली नाही, मिळाली तरी ती दिवसातून दहा वेळा पडेल. शिवाय पिल्लू आठवड्या-आठवड्याला वाढतं आणि आपलं लक्ष नसलं तर पट्टा मानेत रुततो, वरून केस असल्यानं दिसतही नाही. म्हणून पिल्लाला पट्टा नको. फोटो काढायचा असेल तर घाला, काढा, झालं.

५. कापड, रुंदी आणि लटकणाऱ्या वस्तू

हे पटकन उरकते. रुंदी साधारण एक सेंमी. फार अरुंद झाला तर दोऱ्यासारखा रुततो, दोन सेंमी म्हणजे कुत्र्याचा. मऊ विणलेलं नायलॉन किंवा सुती कापड चांगलं, कडा बोटानं चोळून बघा, टोचली तर नको. चामडं पावसात भिजून वाळलं की कडक होतं. मणी-खडे चिकटवलेले नकोत, मांजर चावून गिळतं.

घुंगरू एकच, छोटं. पक्ष्यांना आधी कळतं म्हणून शिकार थोडी कमी होते, तेवढाच त्याचा उपयोग. पण घुंगराच्या फटीत नखाचं टोक जाईल एवढी फट असेल तर काढून टाका, मान खाजवताना नख अडकलं की मांजर वेडं होतं. घरातच राहणाऱ्याला घुंगरू कशाला, त्याचं त्यालाच दिवसभर ऐकावं लागतं.

नावाचं पदक लोंबणारं असेल तर एक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं नको, आणि ते जोडणारी कडी किल्लीच्या रिंगसारखी दुहेरी वेढ्याची हवी. इंग्रजी एस आकाराचा उघडा हूक नको, तो मोरीच्या जाळीत, स्वेटरच्या लोकरीत, कशातही घुसतो. मला विचाराल तर लोंबणारं काही नकोच, नंबर पट्ट्यावरच लिहावा.

सगळं मिळून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. १५ ग्रॅमच्या वर गेलं तर काहीतरी काढा, हा माझा घरचा नियम.

थांबा, गोचीड-पिसवांचा पट्टा: कुत्र्यासाठीचा पिसवांचा पट्टा कापून लहान करून मांजराला घालणारे लोक आहेत. कृपा करा. कुत्र्यांच्या औषधात बरेचदा पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, काही पट्ट्यांत अमिट्राझ असतं. मांजराच्या लिव्हरला पर्मेथ्रिन नीट फोडता येत नाही, लाळ, थरथर, झटके येतात, जीवही जातो. पाकिटावर मांजराचं चित्र नुसतं नको, मांजरासाठी आणि तुमच्या मांजराच्या वयाला-वजनाला चालेल असं लिहिलेलं हवं, आणि तेही डॉक्टरांना विचारून. असा पट्टाही अडकला तर सुटणारा किंवा तुटणारा आहे का ते विचारा.

ट्रॅकरचं म्हणाल तर लोक एअरटॅग (ॲपलची वस्तू शोधायची छोटी चकती) लावतात. तो एकटाच ११-१२ ग्रॅमचा, वर होल्डर. आणि त्यात जीपीएस नसतं, आसपास कुणाचा आयफोन वगैरे असेल तेव्हाच जागा कळते, मुंबई-पुण्यात ठीक, कोकणातल्या वाडीत दिवसभर काही कळणार नाही. जड वस्तूनं पट्टा सारखा सुटतो, मग ट्रॅकर हरवू नये म्हणून लोक न सुटणारी क्लिप लावतात. बघा, फिरून परत तिथेच आलो. ट्रॅकर महाग असतो कबूल, पण ट्रॅकर गेला तर दुसरा येतो.

६. नंबर लिहा

मांजराचं नाव लिहायची गरज नाही. दोन मोबाईल नंबर लिहा, एक तुमचा, एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी जो फोन उचलतो. जागा उरली तर "घरचं मांजर" एवढं लिहा. पत्ता नको.

मार्कर पेननं लिहिलेलं पावसाळ्यात पुसतं, चाटून चाटूनही पुसतं, दर महिन्याला गिरवावं लागतं. दप्तरांवर नावं शिवून देणाऱ्याकडून किंवा मशिन एम्ब्रॉयडरीवाल्याकडून पट्ट्यावर नंबर शिवून घेतला तर वर्षभर बघायला नको. आकडे ६-७ मिमी उंच करायला सांगा, दोन हातांवरून वाचता यायला हवेत. क्यूआर कोडचं पदक दिसायला भारी, पण घाबरलेल्या मांजराच्या गळ्यापाशी मोबाईल नेऊन स्कॅन करणार कोण? वॉचमनकाकांना वाचता येईल असा नंबर पाहिजे.

एकदम तीन-चार पट्ट्यांवर नंबर करून घ्या. हे सुटणारे पट्टे आहेत, हरवणार, आणि एकच पट्टा असला की तो हरवायच्या भीतीनं माणूस घट्ट करत जातो.

७. गळ्यात बसवा, दोन बोटांची पारख

मांजर शांत असताना, मागून, खाऊ चालू असताना घाला. समोरून दोन्ही हात गळ्याकडे नेले की कोणीही पळेल.

बसवल्यावर दोन बोटं चपटी, कातडीला समांतर, पट्टा आणि मानेच्या मधे घाला. सहज गेली, किंचित घट्ट लागली, तर बरोबर. लोक बोटं उभी घालतात, म्हणजे एकावर एक, तिथे पट्टा दुप्पट सैल होतो. आणि सैल पट्टा प्रेमळ वाटतो पण तो जास्त धोक्याचा, त्यातूनच पाय आत जातो, स्वतःला चाटताना जबडा अडकतो. पट्टा ओढून हनुवटीवरून तोंडात येत असेल तर नक्की सैल आहे.

तपासून बघा: दहा मिनिटांनी परत बोटं घाला. पट्टा घालताना मांजर मान फुगवून, आखडून बसतं, मग सैल सोडतं, आणि तुमचं बरोबर बसलेलं माप एक बोट सैल निघतं. हमखास.

पट्ट्याचं उरलेलं शेपूट लोंबत असेल तर दोन-तीन सेंमी ठेवून कापा. नायलॉन असेल तर कापलेली कड उदबत्तीच्या निखाऱ्यावर हलकी धरा, वितळून धागे बसतात, गार झाल्यावर बोट फिरवून टोकं टोचत नाहीत ना ते बघा. हे सगळं अर्थातच पट्टा मांजराच्या गळ्यातून काढून.

८. सवय लावा, पहिल्याच दिवशी बाहेर नको

पहिल्या दिवशी पाच मिनिटं, तुम्ही समोर बसून. मांजर उलटं चालेल, आडवं पडेल, मागच्या पायानं मान खाजवेल, कुणी कुणी पुतळ्यासारखं बसतं. जेवण पुढे ठेवा, दोरी हलवा, लक्ष दुसरीकडे गेलं की काढून टाका. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, असं आठवडाभर. आमचा बोक्या दोन दिवसांत विसरला, चिंगीला तीन आठवडे लागले, तिला आठवत असणार.

आठवडाभर जबडा घालायचा प्रयत्न चालूच राहिला तर पट्टा बंद, चिपवर भागवा. जबरदस्तीनं काही होत नाही.

दिवाळीसाठी घालायचा असेल तर नवरात्रातच सुरुवात करा. फटाक्यांच्या दिवशी घाबरलेल्या मांजराच्या गळ्यात पहिल्यांदा पट्टा अडकवणं म्हणजे दोन भीती एकदम. आणि पट्टा घातलेला आणि न घातलेला असे दोन्ही ताजे फोटो मोबाईलमध्ये असू द्या, कारण सापडेल तेव्हा पट्टा असेलच असं नाही.

या पट्ट्याला दोरी लावून फिरायला न्यायचं नाही. एक झटका, क्लिप सुटली, मांजर रस्त्यावर. फिरायला हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा), डॉक्टरकडे न्यायला बंद पिंजरा.

९. दर रविवारी पाच मिनिटं

रविवारी सकाळी चहा होईपर्यंत होतं हे:

- दोन बोटं घालून बघा. मांजर जाड झालं, बारीक झालं, थंडीत केस दाट झाले की माप बदलतं.
- पट्टा काढून मान बघा. केस गेलेत, लाल आहे, खपली आहे तर पट्टा बंद आणि डॉक्टर.
- क्लिप हातानं ओढून सुटते का बघा. आत केस आणि धूळ साठली की ती घट्ट होते, जुन्या टूथब्रशनं झाडा.
- महिन्यातून एकदा बाटलीची टेस्ट परत.

पावसाळ्यात ओला पट्टा गळ्यात ठेवू नका, आपल्या दमट हवेत तो दिवसभर वाळत नाही आणि खाली कातडी खाजायला लागते, बुरशीही धरते. दोन पट्टे आलटून पालटून वापरा.

मधेच एक उपयोगी युक्ती: रोज तुमच्याकडे जेवायला येणारं धिटुकलं मांजर कुणाचं पाळीव आहे का ते कळत नसेल, तर वहीच्या कागदाची दीड सेंमीची पट्टी घ्या, "हे मांजर तुमचं आहे का?" आणि तुमचा नंबर लिहा, गळ्यात सैलसर ठेवून टोकं चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्यानं जोडा. वर पूर्ण पट्टीला चिकटपट्टी गुंडाळायची नाही, कागद फाटला पाहिजे. जे मांजर हात लावू देतं त्यालाच. मला एकदा दुसऱ्या दिवशी फोन आला, तीन इमारती पलीकडून, "अहो तुम्ही पण याला जेवायला घालता?"

१०. अडकलंच तर

आधी वजन उचला. एक हात छातीखाली घालून मांजर वर धरा म्हणजे गळ्यावरची ओढ जाते, सोडवायचं नंतर. चावेल, ओरबाडेल, शक्य असेल तर जाड टॉवेल टाका. मग क्लिप दिसत असेल तर उघडा, नाहीतर पट्टा आणि मान यांच्या मधे तुमचं बोट घालून, बोटावरून कात्रीनं कापा. बोथट टोकाची, पण धारदार कात्री. आमच्याकडे ती आता ओट्याच्या वरच्या खिळ्याला असते आणि तिनं दुधाची पिशवी कापायची नाही.

जबडा अडकला असेल तर ओढू नका, पट्टा कापा. पाय आत जाऊन बगलेत जखम झाली असेल तर पट्टा कापून थेट डॉक्टरकडे, घरी हळद-बिळद भरू नका, जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल असते. आणि लटकून सुटलेलं मांजर वरकरणी ठीक दिसलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. आवाज बदललाय का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय का, गिळताना त्रास होतोय का हे पुढचे एक-दोन दिवस बघत रहा. मान पूर्ण बरी होईपर्यंत गळ्यात काही नको, आणि ज्या टोकात अडकलं होतं ते आधी कापून, घासून घ्या. आमच्या ग्रिलचं टोक वेल्डरनं दहा मिनिटांत घासून दिलं.